वाचकांचे प्रश्न : पुन्हा पुन्हा मुरगळणारा घोटा

प्रश्न : आमचं वावर काळ्या, भारी जमिनीचं. कापूस वेचायच्या दिवसांत भेगा पडतात. उजवा पाय दोन वर्षांत तिसऱ्यांदा मुरगळला. मेडिकलमधून घोट्याचा लवचीक मोजा आणला, तो घालूनही पाय वळतोच. दुसरं काही घेऊ का?
— एक शेतकरी महिला, यवतमाळ जिल्हा

उत्तर : हो, घ्या. लवचीक मोजा सूज दाबतो, पण तो सगळाच ताणला जातो, म्हणून पाऊल वळायचं थांबवत नाही. भेगेत पावलाचा पुढचा भाग गेला की बोटं खाली जातात, तळवा आत वळतो आणि बाहेरच्या घोट्याच्या पुढचा अस्थिबंध (हाडं एकमेकांना जोडणारा पट्टा) ताणतो किंवा फाटतो. हे वळणं अडवायला न ताणणाऱ्या पट्ट्यांचा, नाडी बांधायचा ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारं आवरण, लागतो. दोन्ही बाजूंना कडक प्लास्टिक असलेला ब्रेस त्याहून घट्ट धरतो, पण दिवसभर वाकून वेचणी करताना तो टोचतो. तुम्हाला नाडीचाच बरा.

सूज उतरल्यावर माप घ्या, आणि डब्यावरच्या चित्रात जिथे दाखवलं असेल तिथेच. प्रत्येक कंपनीची जागा वेगळी असते. आत सुती मोजा घाला. खाली बसून टाच पूर्ण मागे टेकवा, पाऊल नडगीशी काटकोनात ठेवा आणि नाडी बोटांकडून वर सारखी ओढत या. पाऊल खाली झुकलेलं असताना नाडी आवळली, तर उभं राहिल्याबरोबर ब्रेस सैल पडतो. बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं. तळव्याखालून बाहेरच्या बाजूने वर येणारी पट्टी पावलाची बाहेरची कड किंचित उचलेल इतकी ओढा. मग अंगठ्याचं नख दाबून सोडा: दोन सेकंदांत लाली परत आली पाहिजे. मुंग्या आल्या तर सैल करा.

चपलेत ब्रेस निम्माही कामाचा नाही, टाच सरकते. नाडीचे बूट घाला. जागा पुरत नसेल तर आतली गादी काढा. गमबूट चिखलाला ठीक, पण घोट्याभोवती मोकळे असतात, आधार देत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. तीनदा मुरगळलेल्या घोट्यात पाऊल कसं पडतंय याची जाणीवच मंदावलेली असते आणि स्नायू उशिरा आवळतात. ब्रेस ती जाणीव परत आणत नाही, व्यायाम आणतो. दुखणं कमी झाल्यावर ब्रेस काढून, भिंतीजवळ, दुखऱ्या पायावर 30 सेकंद उभं राहा. असं 3 वेळा, रोज. सोपं वाटू लागलं की डोळे मिटून, नंतर घडी घातलेल्या गोधडीवर. सायकलची जुनी ट्यूब पलंगाच्या पायाला बांधा, पावलात अडकवा आणि पाऊल बाहेर ढकला, 15 वेळा, 3 फेऱ्या. हे 8 आठवडे, एकही आठवडा न गाळता. मधेच सोडणारेच चौथ्यांदा मुरगळून घेतात.

प्रश्न : आमच्या कबड्डी संघातल्या सगळ्याच पोरांनी ब्रेस घालावा का? घोटा कमजोर होतो म्हणतात.
— क्रीडाशिक्षक, वाशीम जिल्हा

उत्तर : खेळताना ब्रेस घातल्याने घोटा कमजोर होतो, याला आधार सापडलेला नाही. सर्वात जास्त फायदा आधी मुरगळलेल्यांना होतो. पैसे मोजकेच असतील तर त्यांच्यासाठी आधी घ्या. सराव आणि सामन्यात वर्षभर घालू द्या. बाकीच्यांकडून एका पायावरचा व्यायाम रोज करून घ्या, त्याला खर्च नाही. चिकटपट्टी गुंडाळण्याच्या नादी लागू नका, ती खेळात अर्ध्या तासात बरीच सैल पडते. कडक प्लास्टिकचा ब्रेस पकडीत समोरच्याला लागतो. कबड्डीला मऊ, नाडीचाच घ्या आणि आधी पंचांना दाखवा.

प्रश्न : पाय मुरगळला की घरचे लगेच तेल लावून चोळतात, गरम विटेचा शेक देतात. योग्य आहे का? ब्रेस कधी घालायचा?
— वाचक, अमरावती जिल्हा

उत्तर : पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि शेक दोन्ही नको, आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. बर्फ नसेल तर माठाच्या पाण्यात भिजवलेला कपडा. 10 सेंटिमीटर रुंद क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर घेत बांधा, रात्री सोडा. पाय उशांवर, छातीपेक्षा उंच.

त्याआधी हाड तपासा. घोट्याच्या हाडाच्या टोकावर किंवा मागच्या कडेला खालच्या 6 सेंटिमीटरमध्ये दाबून दुखत असेल, करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावरचं किंवा आतल्या कमानीवरचं हाड दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे असलेल्या रुग्णालयात जा. मुलांच्या बाबतीत आणि पाय बधिर असलेल्या मधुमेहींच्या बाबतीत या तपासणीवर विसंबू नका, थेट डॉक्टरांना दाखवा.

हाड शाबूत असेल तर सूज बँडेजमध्ये मावेनाशी होत नाही ना ते पाहून दोन-तीन दिवसांत ब्रेस घाला आणि झेपेल तेवढं चाला. पाय महिनाभर खाटेवर ठेवला तर आखडतो. दिवसा साधारण 6 आठवडे ब्रेस ठेवा, झोपताना काढा. अस्थिबंध पूर्ण फाटला असेल तर तीन महिनेही लागतात.

प्रश्न : ब्रेसमुळे पायाला पुरळ येते.
— वाचक, अकोला जिल्हा

उत्तर : घाम आणि काळ्या मातीची बारीक धूळ. रोज मोजा बदला, ब्रेस साध्या साबणाने हाताने धुवा, सावलीत वाळवा. उन्हात लवचीक भाग लवकर सैल होतो. ब्रेसच्या व्हेल्क्रोच्या पट्ट्यांत अडकलेली कापसाची बोंडुकं-तंतू जुन्या दातघासणीने काढत जा, नाहीतर त्या धरत नाहीत.