1998 च्या रुपयावर साल दोनदा दिसतंय, हा डबल डाय आहे का?

जुन्या बाजारात तीनशे रुपयांना घेतलेल्या 1998 च्या कणसाच्या रुपयावर साल दोनदा दिसतंय आणि विक्रेता त्याला 'डबल डाय' म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. (डाय म्हणजे ज्याने नाण्यावर चित्र ठोकतात तो साचा.) फोटोवरून मला तो डबल डाय वाटत नाही.

आधी आकड्यांची जाडी बघा. तुमच्या नाण्यावर 9 च्या कडेची दुसरी रेघ सपाट आणि चकचकीत आहे, आणि ती मूळ आकड्यातूनच कातरल्यासारखी निघालीय. वरचा 9 त्यामुळे बारीक झालाय. नाणं ठोकलं जाताना सैल डाय जरासा हलला की असं होतं. हे मशीन डबलिंग. सुट्ट्या पैशांतही सापडतं, त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

खऱ्या डबल डायमध्ये चूक नाणं ठोकण्याच्या आधीची असते. हब म्हणजे उठावदार चित्र असलेला ठोकळा, तो दाबून डायवर चित्र उठवतात. पूर्वी एका दाबात ते पुरेसं खोल येत नसे, म्हणून डाय तापवून मऊ करायचा आणि पुन्हा हब दाबायचा. दुसऱ्या खेपेला हब किंचित फिरला की दोन्ही ठसे डायमध्येच राहतात. मग नाण्यावर दोन्ही आकडे उठावदार आणि गोलसर येतात, अक्षर बारीक न होता जाड होतं आणि त्याच्या टोकाला खाच दिसते. अमेरिकेचा 1955 चा डबल डाय सेंट नेटवर शोधा. त्यावरची अक्षरं आणि साल एकदा पाहिलं की नजर तयार होते.

शिवाय त्या डायमधून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तोच दोष, त्याच जागी, त्याच दिशेने असणार. तेव्हा त्याच सालाची, त्याच टांकसाळीची (सालाखाली हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता) साधी नाणी जमवा आणि शेजारी ठेवून ताडून बघा. हुबेहूब जोडीदार सापडला तर मीही माझं मत बदलेन.

झिजलेल्या डायमुळेही अक्षरांभोवती पसरट सावली येते, तीही या हिशोबात धरायची नाही.

दहापट भिंग पुरे. मोबाइलचा फ्लॅश मात्र नको, चकाकीमुळे नसलेल्या रेघा दिसतात. टेबल लॅम्पखाली नाणं सावकाश फिरवा. उजेड फिरला की जागा बदलणारी रेघ ही नुसती चकाकी. आणि नीट दिसावं म्हणून चिंच-मीठ लावून घासू नका, कडेची ती सपाट चकाकीच तर तपासायची आहे.