प्रसिद्ध, नामवंत की बडं प्रस्थ?

अरे, तू लेखात प्रत्येक माणसाच्या नावाआधी 'सुप्रसिद्ध' लावतोयस ते आधी थांबव, खरंच सुप्रसिद्ध असेल तर नुसतं नाव पुरतं की. आणि 'प्रसिद्ध'चा दुसरा अर्थ छापून आलेला असाही आहे, त्यामुळे 'प्रसिद्ध लेखकाचं प्रसिद्ध झालेलं पुस्तक' असली वाक्यं होतात, ती वाचवत नाहीत.

नामवंत, नामांकित हे डॉक्टर, वकील, संस्था यांना शोभतं. हल्ली हिंदीच्या नादाने पुरस्काराच्या यादीत नाव आलेल्यालाही नामांकित म्हणतात, मला ते खटकतं, तिथे सरळ नामांकन मिळालं लिही. गाजलेला म्हणजे खटला, नाटक, भाषण. माणसापेक्षा त्याचं काम गाजतं. दिग्गज म्हणायला वय नाही तरी निदान मोठी कारकीर्द हवी, पहिल्याच सिनेमातल्या पोराला दिग्गज काय! मान्यवर बहुतेक स्टेजवर बसलेले असतात.

बडी असामी, बडं प्रस्थ यात पैसा नाहीतर वजन आलं, आणि थोडा टोमणाही, म्हणून श्रद्धांजलीत अजिबात नको. गुंडाला कुख्यात, प्रसिद्ध गुंड नाही.

लोकमान्य, महात्मा ही विशेषणं राहिलीच नाहीत, नावंच झालीत. फुल्यांना महात्मा ही पदवी 1888 मध्ये मुंबईत लोकांनी दिली, त्यामुळे नुसतं महात्मा लिहून गांधीच समजतील असं धरू नकोस, आडनाव लिही.

बाकी एकेरीची काळजी करू नको, 'सचिन खेळला' यात अपमान नाही, लाड आहे. मंत्र्याला मात्र 'आले'च.