ओरहान केमाल पहिल्यांदा वाचताय?

आधी नावाचा घोळ मिटवा. ओरहान पामुक वेगळे, यशार केमाल वेगळे; तिघेही तुर्की कादंबरीकार. तुमचे ओरहान केमाल (१९१४–१९७०) म्हणजे दक्षिण तुर्कस्तानातल्या अदानाकडचे मेहमेत राशित ओउत्चू. बुर्साच्या तुरुंगात कवी नाझिम हिकमेत यांनी त्यांना कवितेकडून गद्याकडे वळवलं, आणि बरंच झालं!

सुरुवात 'बाबा एवी' (१९४९) या कादंबरीपासून करा, लगेच 'आवारे यल्लार' घ्या. दोन्ही छोट्या, एकाच मुलाची गोष्ट. इंग्रजीत त्या एकाच खंडात मिळतात. मग 'जेमिले'.

नवे वाचक थेट 'बेरेकेत्ली तोपराक्लार उझेरिंदे' (१९५४) उचलतात आणि पात्रांच्या गर्दीत अडकतात. ती तिसरी-चौथी ठेवा. वाचताना युसुफ, हसन, अली हे तिघे गाववाले तेवढे धरून ठेवा. चुकुरोवाच्या (अदानाभोवतीचं कापसाचं मैदान) कापूस-गिरणीत, बांधकामावर, मळणीयंत्रावर कोणाचं काय होतं ते पाहत राहा.

निसर्गवर्णनं शोधू नका. इथं सगळं संवादात घडतं, त्यामुळे भराभर वाचलंत तर मुकादमाची लबाडी निसटते. मजुरी किती, कापली किती, हे आकडे मात्र अजिबात गाळू नका.

तुर्की राजकारणाचा इतिहास आत्ता नको.