आप्पांनी माझ्यासाठी आयुष्य घातलं, मी काय केलं?

लातूरला समुपदेशनाची प्रॅक्टिस करते म्हणल्यावर लोकांना वाटतं माझ्याकडे नीटवाली लेकरंच येत असतील. येतात की, पण त्यांच्या खालोखाल येतात ते चाळिशीजवळचे, आई नाहीतर वडील गेलेले, आणि वाक्य सगळ्यांचं एकच, वरचं. एकट्या बापानं वाढवलेल्या मुली तर हमखास. त्यातलीच ही एक (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय).

आप्पा एसटीत कंडक्टर. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते मुक्कामी गाडीवर, ही चार वर्षांची, गणपतीला मामाकडे गेलेली, आणि आई गावात, दगडमातीच्या घरात. आई गेली. तिथून पुढं पत्र्याच्या शेडपासून ते हिच्या लग्नापर्यंत आप्पा एकटेच. दुसरं लग्न नाही, मुक्कामाची ड्युटी नाही, त्यापायी भत्ता बुडाला, डेपोत बोलणी खाल्ली. येळवसला (वेळ अमावस्या, आमच्याकडचा शेतातला सण) भज्जी, आंबील सगळं स्वतः करून शेतात न्यायचे. ते गेल्यापासून हिनं येळवसच बंद केली.

"कसे होते आप्पा?"

"देवमाणूस होते मॅडम."

"ते राहू द्या. चिडायचे कशावर? हसायचे कशाला?"

बराच वेळ गप्प. मग म्हणली, "असं काही आठवतच नाही ओ."

म्हणजे ही बाई आप्पांची आठवण काढतच नव्हती, फक्त त्यांचं देणं मोजत बसली होती. माणूस गेला की मन काढून घ्यायचं, ही फ्रॉइडच्या काळापासूनची शिकवण, पण 1990च्या दशकात डेनिस क्लास वगैरे संशोधक मंडळींनी सांगितलं की नातं संपत नाही, बदलतं, आणि मी त्याच बाजूची. पण नातं माणसाशी हवं, देवाशी नाही. मी तिला म्हणलं, आप्पांसोबत ड्युटी केलेलं कुणी असेल तर भेटून या, फक्त त्याग हा शब्द काढू नका.

एक रिटायर्ड ड्रायव्हर काका सापडले. पुढच्या वेळी आली ती दारातूनच बोलत. काका म्हणले होते, "मुक्कामाला त्याला भ्या वाटायचं पोरी. भूकंपानंतर परगावी डोळाच लागत नव्हता. तू घोरतीस ते ऐकू आलं की झोप येते म्हणायचा."

"मॅडम, मी घोरते!" म्हणून हसली आणि हसता हसता जी रडायला लागली ते थांबेचना. मीही थांबवलं नाही. तिचीही त्यांना गरज होती, ही गोष्ट तिच्या हिशोबात कुठंच नव्हती. मी हे दहा वेळा समजावलं असतं तरी उपयोग नव्हता, ते काकांच्याच तोंडून यायला हवं होतं (पण पाठवलं कुणी, हे मी मनात म्हणून घेते). येळवसला भज्जी केली तिनं, आंबील पातळ झाली म्हणे.

तर तुमचंही असंच असेल तर वडिलांच्या मित्रांना भेटा, त्यांच्या खोड्या, भीती, हट्ट विचारा. लेकरांना आजोबांचे कष्टच सांगत बसू नका, पत्त्यात रडीचा डाव खेळायचे तेही सांगा. लग्न न करणं हा त्यांचा निर्णय होता, तो त्यांच्याकडंच राहू द्या. पण वर्ष उलटलं तरी झोप, जेवण, काम रुळावर येत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि जगूच नये वाटत असेल तर वर्षाची वाट नको, लगेच टेली मानसला 14416वर फोन करा, चोवीस तास चालू असतं, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.