जॉर्ज पोस्टरवर निवडून आले नाहीत, पावतीपुस्तकावर आले

तुमचा प्रश्न असा: मंगळूरहून आलेले, मुंबईत ना जात ना गाववाले, तरी जॉर्ज फर्नांडिस कामगार पुढारी आणि मग खासदार कसे झाले? मुंबई सोडून बिहारला का गेले? आणि आज हे कुणाला जमेल का?

या प्रश्नाला सगळे एकच गोष्ट सांगतात. १९६७ साली दक्षिण मुंबईच्या लोकसभा निवडणुकीत स. का. पाटील म्हणे बोलले की देवही मला पाडू शकत नाही. जॉर्जनी पोस्टरं लावली, देव नाही पण तुम्ही पाडू शकता. झालं, पाटील पडले. ऐकायला झकास. पण मुंबईचा तीनदा महापौर झालेला, त्या वेळी रेल्वेमंत्री असलेला, काँग्रेससाठी पैसा उभा करणारा माणूस भिंतीवरच्या कागदाने पडत नसतो. ही गोष्ट ऐकली की माझं डोकं फिरतं, कारण तिच्यात आधीची सोळा-सतरा वर्षं गिळली जातात.

चौपाटीच्या बाकावर झोपणं, वर्तमानपत्रात प्रुफं तपासणं, बंगळूरच्या सेमिनरीतून पाद्री न होता बाहेर पडणं, हे सगळ्यांना पाठ आहे. महत्त्वाचं पुढचं. गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांच्या हाताखाली ते शिकले. सीएसएमटीच्या मागून गोदीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे, तेच. १९५८ साली डिमेलो गेले आणि भार जॉर्जवर आला.

आता 'बाहेरचा' या शब्दाबद्दल. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात युनियनचे निम्मे पदाधिकारी त्या धंद्यात प्रत्यक्ष कामाला असले की पुरे होतं. उरलेले निम्मे बाहेरचे चालत. नोंदणीला सात सभासद लागत. म्हणजे झाडूवाल्यांचा सरचिटणीस व्हायला हातात झाडू असण्याची गरज नव्हती. उलट बाहेरचा असणं सोयीचं, कारण आतल्या माणसाला साहेब मेमो देतो, बदली करतो, निलंबित करतो. बाहेरच्याला काय करणार? पोलीस बोलावणार, एवढंच.

दुसरं, ते गिरणीत शिरले नाहीत. माझ्या मते त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय हाच. गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. एकदा एखादी युनियन प्रातिनिधिक ठरली की मालकाने बोलायचं ते तिच्याशीच, आणि तिथे काँग्रेसचा राष्ट्रीय मिल मजदूर संघ बसलेला. समोर कम्युनिस्टांचा लाल बावटा. तिसऱ्याला जागाच नाही. दत्ता सामंतांची १९८२ च्या गिरणी संपाची लढाई याच भिंतीवर आपटली. जॉर्ज गेले ते महापालिकेचे कामगार, बेस्ट, टॅक्सीवाले आणि हॉटेलातली पोरं यांच्याकडे. बेस्टमध्ये मराठी, टॅक्सीत उत्तरेकडचे, उडपी हॉटेलात त्यांच्याच मुलखातले. कोकणी, तुळू, कन्नड, मराठी, हिंदी येणारा माणूस इथे परका ठरत नाही.

भाषण पाच हजारांच्या सभेत होतं, युनियन मात्र पगाराच्या दिवशी गेटवर होते. ट्रेड युनियन कायद्याच्या १९६० च्या दुरुस्तीनंतर वर्गणी महिन्याला किमान पंचवीस पैसे ठरली. रक्कम किरकोळ, पण मान्यतेसाठी सभासद मोजताना मागच्या सहा महिन्यांत किमान तीन महिन्यांची वर्गणी भरलेलाच धरत. सभेला आलेला, घोषणा दिलेला, पण पावती न फाडलेला कामगार मोजणीत शून्य. दहा तारखेला वसुलीला गेलात तर पैसे वाण्याकडे गेलेले असतात. जायचं पगाराच्याच दिवशी, पाळी सुटताना, आणि पावती तिथल्या तिथे द्यायची. नाव, बिल्ला नंबर, खातं. यात आळस केला की वर्षभराने दुसऱ्या झेंड्याची युनियन मोजणीत पुढे निघते आणि मग 'मालकाने फोडली' म्हणून बोंब मारायची.

बंदचंही तसंच. 'बंदसम्राट' वगैरे वर्तमानपत्रांनी म्हटलं. पण भर दुपारी रस्त्यावर बस अडवायला शंभर माणसं लागतात आणि डोकी फुटतात. पहाटे डेपोच्या फाटकातून पहिली गाडीच निघाली नाही तर दहा माणसं पुरतात. ड्रायव्हर-कंडक्टर आपले, टॅक्सी आपल्या, मग सकाळच्या सातच्या पाळीला जाणार कोण?

'युनियनच्या पैशावर निवडून आले' असंही म्हणतात. १९२६ च्याच कायद्याचं कलम १६ वाचा. राजकीय खर्चाचा निधी वेगळा ठेवावा लागे आणि तो देणं ऐच्छिक असे, सर्वसाधारण निधीतून निवडणूक लढवता येत नसे. युनियनने दिली ती माणसं, कुठल्या चाळीत कोण राहतो हे ठाऊक असलेली. शिवाय १९६१ पासून ते नगरसेवक होते, नळ आणि कचरा या दोन विषयांवर लोकांना नावाने माहीत.

तरी १९६७ साली मिळालेली ४८.५ टक्के मतं नुसत्या कामगारांची नव्हेत, हेही कबूल करतो. पाटलांनी संयुक्त महाराष्ट्राला केलेला विरोध मराठी माणूस विसरला नव्हता. गंमत बघा, पाटील सिंधुदुर्गातले. दक्षिणी लोकांविरुद्ध बोलणारी शिवसेना स्थापन होऊन जेमतेम आठ महिने झालेले. आणि त्याच शहरात मराठी मतदाराने आपला पाटील पाडून मंगळूरचा फर्नांडिस निवडला.

मुंबई का सोडली? युनियनची ताकद कामाच्या जागी असते, मत मात्र राहत्या जागी पडतं. सभासद कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत पसरलेले. १९७१ च्या इंदिरा लाटेत तीच दक्षिण मुंबई हातची गेली. १९७७ मध्ये आणीबाणीतल्या बडोदा डायनामाइट खटल्यात तुरुंगात असताना बिहारच्या मुजफ्फरपूरने तीन लाखांवर मताधिक्याने निवडलं. राममनोहर लोहियांना मानणाऱ्या समाजवाद्यांची जमीन तिथे तयार होती. यापलीकडे त्यात गूढ नाही.

मधला, जॉर्जच्या नेतृत्वाखालचा १९७४ चा रेल्वे संप त्यांच्या भक्तांना विजय वाटतो. मला नाही वाटत. सार्वजनिक सेवेत चौदा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती २३ एप्रिलला दिली, संप ८ मेला. हे चौदा दिवस सरकारलाही मिळतात. २ मेला जॉर्जना लखनौत उचललं, संप सुरू झाला तो म्होरक्याविना. क्वार्टरमधून बायकापोरांना बाहेर काढलं. २७ मेला संप मागे. मागितलेला बोनस आला, पण १९७९ साली.

आता माझा जुना वाद. 'बंद करून दाखवलं, उभारलं काय?' असं विचारणाऱ्यांनी दादरहून सावंतवाडीला जाताना खिडकीबाहेर बघावं. १९८९ च्या डिसेंबरात ते रेल्वेमंत्री झाले, म्हणजे १९६७ साली पाटलांकडे असलेल्याच खात्यात. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ निघालं. भांडवल रेल्वेचं ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ सहा-सहा, बाकी पैसा रोख्यांतून. अर्थमंत्री मधु दंडवते, राजापूरचे खासदार. रेल्वेच्या वार्षिक अंदाजपत्रकातल्या तरतुदीची वाट बघितली असती तर ही लाइन अजून सर्वेक्षणात असती. १९९८ च्या २६ जानेवारीला ती देशाला अर्पण झाली. १९६८ साली बँका टॅक्सीवाल्याला दारात उभं करत नव्हत्या, तेव्हा काढलेली कामगारांची सहकारी बँकही त्यांचीच. तीच पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह झाली. २०२५ मध्ये ती घोटाळ्यात सापडून सारस्वतमध्ये विलीन झाली, तेव्हा ते हयात नव्हते.

आणि हो, १९७९ साली सभागृहात मोरारजी सरकारची जोरदार वकिली करून लगेच राजीनामा देणं, पुढे भाजपबरोबर जाणं, तहलकाने उघड केलेलं संरक्षण खरेदीतलं लाच प्रकरण, यातलं मी काही झाकत नाही. पण प्रश्न तो नव्हता.

आज जमेल का? ट्रेड युनियन कायद्याच्या २००१ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रात बाहेरचे पदाधिकारी एकतृतीयांश किंवा पाच, यांतला कमी आकडा, एवढेच राहिले. नव्या औद्योगिक संबंध संहितेत एकट्याने वाटाघाट करायला ५१ टक्के सभासद हवेत. मोकळी जागा आज डिलिव्हरीवाल्या पोरांत आहे, जशी तेव्हा टॅक्सीत होती. फक्त त्यांना फाटक नाही, पगाराचा दिवस नाही, पैसे मोबाइलवर जमा होतात. पावतीपुस्तक घेऊन उभं कुठे राहायचं, ते आधी शोधा.