जर्मन फुटबॉलपटू टोनी क्रोसचे गोल फारसे नाहीत, तरी त्याला एवढा मोठा मिडफिल्डर का मानतात?

कारण त्याचं काम गोलच्या दोन पावलं आधी व्हायचं. एप्रिल २०२४ मधली म्युनिकची चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा) सेमीफायनल बघा. तो रेआल माद्रिदकडून खेळत होता. समोर बायर्न म्युनिक, म्हणजे त्याचा जुनाच क्लब. क्रोस मैदानाच्या मध्यावर चेंडू घेऊन उभा, हाताने संघातल्या फॉरवर्ड विनिसियसला मोकळी जागा दाखवतो, आणि पुढच्या क्षणी बचावफळीतून आरपार पास. विनिसियससमोर फक्त गोलकीपर! असा पास मी तरी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

बाकी कारकीर्द थोडक्यात: जन्म १९९० चा, ग्राइफ्सवाल्डचा. रोस्टॉकच्या युवा संघातून बायर्नमध्ये, मध्ये लेव्हरकुसेनकडून खेळला. २०१४ मध्ये वर्ल्ड कप जिंकला (ब्राझीलविरुद्धच्या ७-१ मध्ये दोन मिनिटांत त्याचे दोन गोल) आणि लगेच रेआल माद्रिदला गेला. चॅम्पियन्स लीग एकूण सहा, त्यातल्या पाच रेआलसोबत. शेवटच्या फायनलमध्ये सहकारी कार्वाखालने हेडर मारला तो त्याच्याच कॉर्नरवर.

फॉर्मात असतानाच तो थांबला, याचं मला फार कौतुक वाटतं. जुलै २०२४, युरोची (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची) क्वार्टरफायनल, स्पेनकडून हार, आणि निवृत्ती.