फ्लाय पाण्यावर फरफटते, काय करावं?

प्रश्न : हिमाचलात तीर्थन नदीच्या लहान ओढ्यांवर ट्राउटसाठी गेलो होतो. फ्लाय (हुकावर बांधलेला नकली किडा) पडते न पडते तोच ओढली जायची, मासा ढुंकूनही बघत नव्हता. रॉड ९ फुटी, ५ नंबरचा (नंबर दोरीच्या वजनाचा). – एक वाचक, मुलुंड

उत्तर : दोष रॉडपेक्षा पाण्यावर पडलेल्या दोरीचा आहे. अरुंद ओढ्यात संथ डोहाला लागूनच वेगाची धार असते. दोरी त्या धारेवर पडली की फ्लायला खेचते, आणि असा फरफटणारा किडा ट्राउटला लगेच खटकतो. मासा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणून प्रवाहाच्या खालच्या अंगाने, वाकून, १५-२० फुटांवर या. फ्लाय वरच्या दिशेला टाका आणि रॉडचं टोक लगेच उंच धरा. पाण्याला फक्त लीडरचा (दोरीच्या पुढे जोडलेल्या बारीक धाग्याचा) शेवट आणि फ्लाय टेकली पाहिजे. लीडर साडेसात फुटी, टिपेट (लीडरचं सर्वांत बारीक टोक) ५एक्स जाडीचं पुरे. झाडीत ७ फुटी, ३ नंबरचा रॉड सोयीचा, पण त्यासाठी लगेच खर्च नको.

सराव शिवाजी पार्कावर करा, हुकाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून. रोल कास्ट (दोरी मागे न फेकता पुढे गुंडाळत टाकणं) मात्र गवतावर नीट जमत नाही, दोरीला पाण्याची पकड लागते.

मासेमारीचा परवाना काढाच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते. हुकाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा.